धारला ठेवून द्या

अधिक महिना लागला आणि सरलाबाईंना सहा महिन्यांनी आपलं परसदार दिसलं.

तोवर बघायला सवड होती कुणाला? तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुटतात, आणि धार, इंदूर, देवासच्या मराठी घरांत लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी सरलाबाईंना निरोप जातो. बुंदीचे लाडू, चिरोटे, शेव, करंज्या. चार बायका हाताशी घेऊन त्या कार्तिकापासून वैशाखापर्यंत तळत असतात. यंदा वैशाखाच्या मागून अधिक ज्येष्ठ आला. अधिकात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. कढया घासून पालथ्या पडल्या, बायका आपापल्या घरी गेल्या आणि सरलाबाई चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या.

गाजरगवत कमरेएवढं वाढून उन्हानं वाळून उभं होतं. तुळस गेली होती. कडुनिंबाच्या पानांचा हौदाभोवती वीतभर थर. त्यात तेलाचे रिकामे डबे, फाटके बारदान, मोडकी चाळणी. आणि या सगळ्याच्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये आढ्यापर्यंत रचलेला, देवासचा माल.

देवासचा माल म्हणजे धाकट्या दिराचा, प्रतापरावांचा. प्रतापरावांनी देवासला घर बांधलं तेव्हापासून त्या घरात एक वाक्य पोपटासारखं बोललं जायचं: "धारला ठेवून द्या, वहिनींकडे जागा आहे." कूलर बिघडला, धारला. फरशी उरली, धारला. इरावतीनं, म्हणजे जाऊबाईंनी, बारीक व्हायला सायकल आणली, दोनदा चालवली आणि तिसऱ्या आठवड्यात ती धारला आली. प्रत्येक वेळी "चार दिवस" म्हणून. ते चार दिवस नऊ वर्षं चालले होते. इतकंच काय, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्याही चार दिवसांसाठीच धारला आल्या होत्या. अडीच वर्षं सरलाबाईंनी त्यांचं सगळं केलं, आणि त्या गेल्यावर देवासहून आली ती त्यांची शौचाची, भोकाची खुर्ची.

"जाऊ दे गं," बापू म्हणायचे. बापू सरलाबाईंचे यजमान. शाळामास्तरकी करून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले आणि भाऊ म्हटलं की विरघळणारे. "जागा आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही."

"त्यांच्याकडे जागा नाही? वरती दोन खोल्या मोकळ्या पडल्यात."

"बरं, लाज नाही म्हण. पण जाऊ दे."

सरलाबाई जाऊ देत आल्या होत्या, त्याला कारण एकच. नेहा. प्रतापरावांची बदली कन्नौदला झाली तेव्हा आठवी ते दहावी ही पोर धारला राहिली होती. सरलाबाईंना मुलगी नाही. मुलगा एक, तो हैदराबादला. नेहाच्या दोन वेण्या त्यांनी तीन वर्षं रोज घातल्या, तिचे पहिले पापड लाटून घेतले, आणि ती त्यांना "मोठी आई" म्हणायची ते "आई"वर जोर देऊन. तिच्यासाठी सरलाबाईंनी नऊ काय, एकोणीस वर्षं कूलर सांभाळला असता.

पहाटे साडेपाचला पदर खोचून त्यांनी विळा उचलला. ऊन चढेपर्यंत निम्मं परसदार मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी उरलेलं. तिसऱ्या दिवशी हौद उपसला, खराट्यानं पानं ओढली, घमेली भरभरून कोपऱ्यात रचली. हात सोलवटले, पण मन हलकं होत होतं. चौथ्या दिवशी त्या शेडकडे वळल्या.

दाराशीच चार खोकी होती. माघात देवासला नेहाचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय रिकामं करताना प्रतापरावांच्या माणसांनी "मांडवाचं सामान" म्हणून टेम्पोतून पाठवलेली. तेव्हा सरलाबाईंच्या अंगावर पुढच्या तीन लग्नांची ऑर्डर होती. "ठेवा तिकडे" म्हणून त्यांनी बोट दाखवलं होतं, बस.

आता त्यांनी पहिल्या खोक्यावरची सुतळी पाहिली आणि हात थांबला. गाठ त्यांचीच होती. लाडवांच्या डब्यांना मारतात ती दुहेरी, खालून वळवलेली गाठ. अशी गाठ त्यांच्या घराबाहेर कुणी मारत नाही.

ती कुणी सोडलीच नव्हती.

आत रुखवत होतं. नेहाचं रुखवत. तीन महिने, दिवसभर तळून झाल्यावर चष्मा पुसत पुसत त्यांनी केलेलं. सुपारीचे भटजी, मोत्यांचं तुळशीवृंदावन, लोकरीचं तोरण, खारकांची वरात. वरातीतला नवरदेव उंदरांनी नेला होता, घोडा तेवढा शिल्लक होता. आणि सगळ्यात खाली, तीन पदरी जुन्या साडीत गुंडाळलेला नेमावरचा घाट. आगकाड्यांच्या पायऱ्या, नारळाच्या करवंटीची नाव, निळ्या मण्यांची नर्मदा. नेहाला दहावीच्या परीक्षेआधी त्या नेमावरला घेऊन गेल्या होत्या. पोरगी पाण्याला घाबरून त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली होती. तशाच दोन बाहुल्या पायरीवर होत्या. एक बाई, एक दोन वेण्यांची मुलगी. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी, चिठ्ठीवर उखाणा, हळदीकुंकवाची बोटं जशीच्या तशी.

सरलाबाई कापलेल्या गवताच्या भाऱ्यावर बसल्या. लग्नात त्या कोठीत होत्या. लग्नघरात कोठीची किल्ली जिच्या कमरेला, ती बाई कोठीचं दार सोडत नाही. अक्षतासुद्धा उंबऱ्यातून टाकते. तेव्हा रुखवत मांडलेलं पाहायला त्या गेल्याच नव्हत्या. पण प्रतापराव स्वतः कोठीच्या दाराशी आले होते, फेटा सावरत. म्हणाले होते, "वहिनी, रुखवत बघून सगळे वा वा करतायत हो!" त्या एका वाक्यावर सरलाबाईंनी चार महिने काढले होते. कढईपुढे घाम गाळताना मधेच आठवून हसल्या होत्या.

वा वा! खोकी उघडलीसुद्धा नाहीत. वर पाठवली कुठे, तर जिथे सगळा कचरा पाठवायची सवय, तिथेच. ज्या बाईनं केलं तिच्याच परसात तिचंच रुखवत टाकून दिलं, आणि टाकताना कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रतापरावांना आपल्या घरातलं हातानं केलेलं काही सोयऱ्यांपुढे मांडायची लाज वाटली. जावई इंदूरचे, मोठे लोक. त्यांच्यापुढे सुपारीचे भटजी कसे दाखवायचे?

"मी आता या देवासवाल्यांना दाखवते," सरलाबाई मोठ्यानं म्हणाल्या. आत बापूंचा पेपर खाली आला.

योग असा, की त्याच दुपारी इरावतीचा फोन आला. "वहिनी, पुढच्या रविवारी नेहाचं आणि जावयांचं धोंड्याचं जेवण आहे. पहिलाच अधिक ना! अनीशचे आईवडीलही येतायत. तुमच्या हातचे तेहतीस अनारसे हवेत वाणाला. हे येऊन घेऊन जातील."

"कशाला त्यांना उन्हात पाठवतेस?" सरलाबाईंचा आवाज साखरेत घोळलेला. "मीच घेऊन येते की."

अनारसे त्यांनी नेहमीसारखेच केले. जाळीदार, खसखशीचे, एकही न फुटलेला. अन्नावर सूड काढायचा नाही, एवढी शिस्त त्यांच्या हाताला होती. सूड त्यांनी कागदावर काढला. आठवडाभर दुपारी त्या जेवणाच्या टेबलावर चिठ्ठ्या लिहीत बसल्या. दोन ओळी जुळल्या की स्वतःशीच हसायच्या. बापूंनी एकदा मागून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, सामान उतरव आणि गुपचूप जेवून ये. त्यांच्या दारात पाहुणे असतील."

"असतील म्हणूनच तर."

"प्रताप तसा वाईट नाही, सरला."

"तुमच्या दृष्टीनं साप पण वाईट नाही, नुसता लांब आहे."

गुडघ्याचं निमित्त करून बापूंनी देवासला यायचंही टाळलं.

रविवारी सकाळी सातला फत्तेसिंग टेम्पो घेऊन आला. तो धामनोदचा, लग्नसराईत त्यांचे लाडवांचे डबे पोहोचवणारा. शेडमधलं सामान बघून त्यानं डोकं खाजवलं. "काकीजी, यो सब देवास लई जानो हे? भंगारवालो तो यां बी आवे हे."

"भंगार नाही रे. रुखवत है. भर."

साडेदहाला टेम्पो देवासला प्रतापरावांच्या फाटकाशी उभा राहिला. अंगणात रांगोळी, दाराला आंब्याचं तोरण. आत पुरणाचा वास. सरलाबाईंनी अनारशांचा डबा इरावतीच्या हातात दिला, नेहाच्या गालावरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "तुमचं चालू दे. मी जरा अंगणात मांडते."

"काय मांडता?" इरावतीनं विचारलं, पण तिची भाताची शिटी झाली आणि ती आत पळाली.

अर्ध्या तासात अंगण सजलं. सरलाबाईंनी खाली चादर अंथरली, कडेनं रांगोळीची बोटं ओढली आणि एकेक वस्तू नीट, अंतर राखून मांडली. कूलर. सायकल. फरशीची चळत. टीव्हीचं रिकामं खोकं. मोडका पाळणा. दोन पायांचं टेबल. भोकाची खुर्ची मधोमध, तिला झेंडूची माळ. प्रत्येकावर चिठ्ठी. मग त्यांनी दारातून हाक मारली, "विहीणबाई, या ना! लग्नात तुम्हाला आमचं रुखवत बघायला मिळालं नाही. आज बघा."

अनीशची आई सावित्रीबाई, इंदूरच्या. वाचायची हौस असलेली, मोकळी बाई. अनीश मागोमाग आला. त्याचं सगळं शिक्षण हिंदीतलं, मराठी लिहिलेलं त्याला अडखळत वाचावं लागे. "आई, ये क्या लिखा है? पढ़ो ना."

आणि सावित्रीबाईंनी मोठ्यानं वाचलं, उखाणा घेतात तशा सुरात:

"चार दिवसांचा पाहुणा, नऊ वर्षांचा मुक्काम,
कूलर ठेवून गेले भाऊजी, वहिनींनी केला सलाम."

अनीश हसला. त्याला वाटलं, खेळ आहे. व्याही हसले. सावित्रीबाई पुढे सरकल्या.

"सायकल आणली व्यायामाची, चालवली वार दोन,
तिसऱ्या वारी धारला धाडली, वहिनींना विचारतो कोण?"

इरावती झारा हातात घेऊन दारात आली होती. ती लाल झाली, मग पांढरी. शेजारच्या गच्चीवर दोन डोकी दिसू लागली. प्रतापराव सोवळ्यात होते, नुकती पूजा आटोपून आलेले. ते पायरीवर उभे राहिले ते राहिलेच.

"घर बांधलं देवासला, फरशी उरली फार,
उरल्यासुरल्याचं माहेरघर एकच, आमचं धार."

"भिया, ये तो कमाल है," अनीश इंदुरी थाटात म्हणाला. पण सावित्रीबाईंना आता वास लागला होता. खुर्चीपाशी त्या थांबल्या. चिठ्ठी मनात वाचली आणि ठेवून देऊ लागल्या.

"वाचा ना, विहीणबाई," सरलाबाई म्हणाल्या. "एवढं केलंय हौसेनं."

सावित्रीबाईंनी खालच्या आवाजात वाचलं.

"आधी आल्या सासूबाई, मागून आली खुर्ची,
न्यायला दोघींना आली नाहीत माणसं घरची."

कुणी हसलं नाही. सरलाबाईंना गार वाटलं, अगदी उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. नऊ वर्षांचं बसलेलं काहीतरी उठून गेलं. पण मुख्य काम उरलं होतं. त्यांनी ती चार खोकी पुढे ओढली, त्यातलं सगळं काढून पायरीवर मांडलं, आणि सगळ्यांत शेवटी नेमावरचा घाट प्रतापरावांच्या पायांशी ठेवला.

"भाऊजी, हे ओळखलंत? कोठीच्या दाराशी येऊन तुम्ही मला म्हणालात, सगळे वा वा करतायत. कोण कोण करत होतं? नावं सांगा. आज सोयरे आहेत, त्यांच्यासमोरच सांगा."

प्रतापरावांनी घाटाकडे पाहिलं. ही खोकी धारला गेली होती, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांच्या समजुतीनं ती वरच्या खोलीत होती. ते म्हणाले, "चुकलं, वहिनी."

"काय चुकलं?"

"मांडलं नाही. खोटं बोललो."

"का नाही मांडलं?"

"चुकलं म्हणालो ना."

"लाज वाटली? भावजय लोकांच्या लग्नात लाडू वळते, तिच्या हातचं सोयऱ्यांना कसं दाखवायचं, असंच ना?"

प्रतापरावांनी मान खाली घातली. "हो. लाज वाटली."

सावित्रीबाई "अहो, पुरे आता" म्हणाल्या, पण सरलाबाईंना पुरे नव्हतं. दिराची मान खाली होती, ती त्यांना अजून खाली हवी होती. "कुणाची लाज? माझी की स्वतःची? नीट सांगा, मी एवढी शंभर किलोमीटर आलेय ऐकायला."

"मोठी आई, बस करो ना!"

नेहा. पैठणी नेसलेली, नाकात नथ, दाराच्या चौकटीला धरून उभी.

"नेहा, तू आत जा," प्रतापराव एकदम म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "तुझा संबंध नाही यात. जा आत."

"माझाच संबंध आहे. बाबा झूठ बोल रहे हैं." ती रडत होती, पण शब्द धडाधड येत होते. "मीच नको म्हणाले होते. स्टेजचे फोटो खराब होतील, मेरी सब फ्रेंड्स इंदौर से आई थीं, ते सुपारीचं, खारकांचं बघून हसतील. बाबा म्हणाले, एक टेबल तरी मांडू दे, वहिनींना काय सांगू? मी हट्ट केला. मी म्हटलं, ते बाहेर काढलं तर मी स्टेजवर येणार नाही. म्हणून त्यांनी खोकी बंद ठेवली. आणि मला शपथ घातली, मोठ्या आईला कधी कळू द्यायचं नाही."

अनीशनं हातातली चिठ्ठी हळूच कूलरवर परत ठेवली.

सरलाबाईंनी दिराकडे पाहिलं. ते त्यांच्याकडे पाहत नव्हते. कूलर त्यांचा होता, खुर्ची त्यांची होती, त्याबद्दल ऐकून घेतलं ते ठीकच. पण हे? चारचौघांत, नव्या सोयऱ्यांपुढे, स्वतःच्या दारात, "हो, लाज वाटली" म्हणून त्यांनी दुसऱ्याचं पाप अंगावर घेतलं होतं, आणि ते आपल्या लेकीसाठी जितकं, तितकंच भावजयीसाठी. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती आपल्याच हातानं दिली, हे सरलाबाईंना कळलं. त्याची खंत वाटायला हवी होती. वाटली नाही. त्या वेळी त्यांच्यात दुसऱ्या कशालाच जागा नव्हती. दोन वेण्या. तीन वर्षं. स्टेजचे फोटो.

नेहा पायऱ्या उतरून आली. पैठणी सावरत वाकली, नमस्कारासाठी. "माफ करा ना, मोठी आई."

सरलाबाईंनी पाय मागे घेतला.

नेहाचा हात रांगोळीवर पडला. ती तशीच वाकलेली राहिली, बोटं पांढरी झालेली. इरावतीच्या तोंडून "वहिनी!" एवढंच निघालं. मराठी घरात मोठ्या माणसानं वाकलेल्या पोराकडून पाय काढून घेणं म्हणजे काय, हे तिथे अनीशलासुद्धा समजावून सांगावं लागलं नाही.

"उशीर होतोय, वाण द्यायची वेळ टळेल," सरलाबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून फाटकाकडे चालू लागल्या.

प्रतापराव मागून आले. अनवाणी, तापल्या फरशीवरून. "वहिनी, जेवल्याशिवाय जाऊ नका. तुमचा काही दोष नाही. सामान मी आधीच न्यायला हवं होतं."

"तुम्ही मला खरं सांगायला हवं होतं, भाऊजी."

"सांगून काय झालं असतं? तुम्हाला दिराचा राग सोसतो. तिचा सोसला असता?"

सरलाबाईंनी माफी मागायला हवी होती, ती ओठांपर्यंतही आली, पण या माणसाची माफी मागायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. "तुमचे पाय भाजतायत. आत जा," एवढंच त्या म्हणाल्या.

टेम्पोत बसल्यावर फत्तेसिंगनं किल्ली फिरवली. "चलां, काकीजी?"

"थांब जरा."

त्या थांबल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फाटक उघडंच होतं. आतून ताटं मांडल्याचे आवाज येऊ लागले. नेहा आली नाही. सरलाबाईंनी स्वतःला विचारलं, आली तर काय करशील? आणि आतून जे उत्तर आलं त्यानं त्या हादरल्या. ती आली असती, पुन्हा वाकली असती, तर त्यांनी पाय पुन्हा मागेच घेतला असता.

"चल," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.